इंग्रजीचा पदवीधर आणि एक साधा अर्ज

बारावीचे निकाल लागले की जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत प्रवेशाची वर्दळ सुरू होते. कला शाखेकडे येणाऱ्या मुलामुलींपैकी काही जण मुख्य विषय म्हणून इंग्रजी निवडतात. त्यामागे वाङ्मयाची ओढ असतेच असे नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातील किंवा शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावातील बापाचा हिशेब सरळ असतो. पोराला इंग्रजी लिहिता-बोलता आले, तर कचेरीत, बँकेत, कंपनीत त्याचे अडणार नाही, आणि घरच्या चार कागदांसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. या अपेक्षेत चूक काहीच नाही. किंबहुना विद्यापीठाच्या कोणत्याही अभ्यासमंडळापेक्षा या बापाने विषयाचा हेतू अधिक नेमका ओळखलेला असतो.

आता याच घरातील तीन-चार वर्षांनंतरचा प्रसंग कल्पावा. मे महिन्याच्या अखेरीस वादळ येते, कापणीला आलेली केळीची बाग आडवी होते, पंचनामा होतो आणि काही महिन्यांनी दावा नामंजूर झाल्याचे विमा कंपनीचे इंग्रजी पत्र हाती पडते. घरात इंग्रजीचा पदवीधर आहे. त्याने शेक्सपिअरचे एक नाटक, वर्डस्वर्थ-कीट्सच्या कविता, एखादी कादंबरी आणि समीक्षेचा इतिहास एवढे सगळे 'केलेले' आहे. पत्राचा अर्थ तो लावतो. परंतु उत्तर लिहायला बसला की पेन अडते. पत्र कोणाला लिहायचे, आरंभी तक्रार मांडायची की घटना, कोणती तारीख महत्त्वाची, कोणत्या नियमाचा आधार घ्यायचा, सोबत काय जोडायचे आणि शेवटी नेमके काय मागायचे, हे त्याला कोणी कधी शिकवलेले नसते. अखेर बाप-लेक तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणाऱ्याकडे जातात. त्या गृहस्थाचे शिक्षण बेताचेच असते. पण साहेब कोणता, त्याच्या अधिकारात काय येते आणि कोणत्या शब्दाला तो थांबतो, हे त्याला ठाऊक असते. ज्या विद्येची पदवीधराला गरज होती, ती झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या माणसाकडे निघते.

दोष त्या मुलाचा नाही. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात वाचनाला जेवढे स्थान आहे तेवढे लेखनाला नाही, आणि युक्तिवादाला तर जवळजवळ नाहीच, याचा हा परिणाम आहे.

उत्तरे लिहिणे म्हणजे लेखन नव्हे

यावर कोणी म्हणेल की विद्यार्थी परीक्षेत पानेच्या पाने लिहितात, मग लेखन होत नाही असे कसे? परंतु ही पाने कशी तयार होतात हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. कवितेचा मराठीतून सांगितलेला भावार्थ, मार्गदर्शकातील तयार उत्तर, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवरून बांधलेला अंदाज आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचे पाठांतर, हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. अशा उत्तराला वाचक नसतो, केवळ परीक्षक असतो. उत्तर लिहिणाऱ्याला त्यात काही पटवून द्यायचे नसते आणि परीक्षकालाही त्याचे मत जाणून घ्यायचे नसते. नाटकातील नायकाच्या स्वभावावर चार पाने लिहिणारा विद्यार्थी स्वतःच्या मनाने एक परिच्छेद लिहायला सांगितले की गोंधळतो, याचे कारण तेच आहे.

अलीकडच्या अभ्यासक्रमांत 'संभाषण कौशल्य', 'व्यावसायिक पत्रव्यवहार' असे घटक आले आहेत, हे खरे. परंतु तेथेही पत्राचे नमुने पाठ केले जातात. पत्ता कोणत्या कोपऱ्यात आणि तारीख कोठे, हे विद्यार्थ्याला सांगता येते; पत्रात काय म्हणायचे हा प्रश्न तसाच राहतो. लेखन हे कौशल्य आहे, पण आधी ते विचार करण्याची रीत आहे, ही जाणीव अशा घटकांतून निर्माण होत नाही.

एका बदनाम विद्येचा खरा अर्थ

पाश्चात्त्य विद्यापीठांत ज्या विषयाला 'ऱ्हेटरिक' म्हणतात, त्याचे मराठीत वक्तृत्वशास्त्र असे भाषांतर केले की डोळ्यांसमोर टाळ्या घेणारा सभावक्ता उभा राहतो. हा विषय प्राचीन काळापासून बदनाम आहे. प्लेटोने 'गॉर्जियास' या संवादात त्याची तुलना पाककलेशी केली. जिभेला गोड लागते, प्रकृतीला हितकर असेलच असे नाही, हा त्याचा आक्षेप होता. त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल याने मात्र या विद्येवर स्वतंत्र ग्रंथ रचला. बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची मनःस्थिती आणि प्रत्यक्ष युक्तिवाद, या तिन्ही अंगांनी माणसाला एखादी गोष्ट कशी पटते याची त्यात चिकित्सा आहे. ज्याला ही चिकित्सा येते त्याला स्वतःचे म्हणणे मांडता येते, आणि दुसरा आपल्याला कोठे फसवतो आहे हेही कळते. निवडणुकीच्या भाषणांच्या आणि जाहिरातींच्या या काळात दुसरा लाभ पहिल्यापेक्षा लहान नाही.

शिवाय ही विद्या भारतीय मनाला परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असा भेद फार पूर्वी केला. सत्यनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडण्यासाठी चालते ती वितंडा. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही अनुमानाची पाच अंगे आजही कोणत्याही उत्तम अर्जाचा आराखडा होऊ शकतात. वर सांगितलेल्या केळीच्या दाव्यालाच ती लावून पाहावीत. भरपाई मिळावी ही प्रतिज्ञा. विमा चालू असताना वादळाने बाग पडली हा हेतू. अशा हानीत भरपाई मिळते हे नियमाने व पूर्वीच्या उदाहरणाने दाखवायचे. आपले प्रकरण त्याच प्रकारचे आहे हा उपनय. आणि म्हणून अमुक रक्कम मंजूर करावी हे निगमन. गावातील नारदीय कीर्तनकारसुद्धा पूर्वरंगात तत्त्व मांडतो आणि उत्तररंगात आख्यानाने ते श्रोत्याच्या मनात उतरवतो. खानदेशातील विद्यार्थी हे सारे ऐकत वाढलेला असतो. महाविद्यालयात आल्यावर त्याला त्याची ओळख पटवून दिली जात नाही, एवढेच.

अर्थशास्त्राच्या जनकाचा पहिला विषय

इंग्रजीच्या उच्च शिक्षणाचा आरंभही लेखनविद्येतूनच झाला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १७०७ मध्ये स्कॉटलंडचे इंग्लंडशी एकीकरण झाले आणि स्कॉटिश सुशिक्षितांना लंडनच्या दरबारात व बाजारात वावरणे भाग पडले. त्यांच्या बोलीला तेथे हसत. या अडचणीतून एडिंबर्ग आणि ग्लासगो येथे इंग्रजी लेखन व वक्तृत्व यांचे पद्धतशीर अध्यापन सुरू झाले. १७४८ पासून एडिंबर्गमध्ये या विषयावर व्याख्याने देणारा तरुण म्हणजे ॲडम स्मिथ. 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा त्याचा ग्रंथ त्यानंतर सुमारे पावशतकाने, १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लासगो विद्यापीठात १७६२-६३ मध्ये त्याने दिलेल्या या व्याख्यानांची विद्यार्थ्यांनी घेतलेली टिपणे १९५८ मध्ये उजेडात आली. अलंकारांच्या याद्या घोकण्याला त्याने फारसे महत्त्व दिलेले नाही. साधी, स्वच्छ आणि विचाराला नेमकी बसणारी भाषा हा त्याचा आग्रह होता. १७६२ मध्येच ह्यू ब्लेअर याची एडिंबर्ग विद्यापीठात या विषयाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

म्हणजे इंग्रजीचे अध्यापन राजधानीपासून दूरच्या, वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांच्या व्यवहारी गरजेतून उभे राहिले. अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी घरात बोलणाऱ्या, शाळेत प्रमाण मराठी शिकणाऱ्या आणि महाविद्यालयात इंग्रजीशी झगडणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती त्या स्कॉटिश तरुणाहून फारशी वेगळी नाही. भारतात मात्र इंग्रजी आली ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून, आणि विद्यापीठांत ती प्रामुख्याने वाङ्मय म्हणून स्थिरावली. स्कॉटलंडच्या अनुभवातील एक धोका तेवढा टाळायला हवा. त्यांनी इंग्रजी कमावताना स्वतःच्या बोलीची लाज बाळगली. खानदेशाने तसे करण्याचे कारण नाही.

खानदेशची परंपरा

तसे करू नये याचा पुरावा खानदेशच्या मातीतच आहे. मराठी कवितेला नवे वळण देणारे बा. सी. मर्ढेकर १९०९ मध्ये फैजपूरला जन्मले. ते इंग्रजीचे अध्यापक होते आणि पुढे आकाशवाणीत गेले. 'कोसला'ने १९६३ मध्ये मराठी कादंबरीला धक्का देणारे भालचंद्र नेमाडे त्याच यावल तालुक्यातील सांगवीचे. त्यांनीही इंग्रजीचेच अध्यापन केले. धुळ्याच्या महाविद्यालयातही ते काही काळ होते. १९७५ ते १९७९ या काळात आलेल्या त्यांच्या 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा लहान गावांतील महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत हिंडणारा तरुण आहे. या दोघांनी इंग्रजीच्या अभ्यासातून मिळवलेली धार मराठी लेखनात उतरवली. पण ते स्वतःच्या बळावर घडले. विद्यापीठाने प्रतिभा निर्माण करावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. सामान्य विद्यार्थ्याला सुबोध लिहिता यावे एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

त्यासाठीचा मार्गही याच भूमीत एका शिक्षकाने दाखवून ठेवला आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले आणि १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक काढले. शेजारच्या खोलीत राहणारा मुलगा हा त्या दैनिकाचा वाचक होता. समोर खरा वाचक असला की लेखणीला जबाबदारी येते, हे तत्त्व एवढ्या कमी खर्चात क्वचितच कोणी सिद्ध केले असेल.

एकच गाऱ्हाणे दोन वाचकांपुढे कसे मांडावे याचा महाराष्ट्रातील उत्तम धडा महात्मा फुले यांनी घालून दिला आहे. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी इंग्रजीतून निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, हा त्यातील मुद्दा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले. तेथे भाषा मराठी, तीही आसुडासारखी. निवेदनाचा वाचक सरकारी आयोग होता, ग्रंथ स्वकीयांसाठी होता. म्हणून पुराव्यांची निवड, सूर आणि शब्द बदलले. वेदना मात्र एकच होती. हे दोन मजकूर शेजारी ठेवून शिकवले, तर वक्तृत्वशास्त्राची निम्मी तत्त्वे विद्यार्थ्याला आपोआप उमगतील. इंग्रजीच्या वर्गात ते सहसा वाचले जात नाहीत, कारण एक 'वाङ्मय' मानले जात नाही आणि दुसरे मराठी विभागाच्या हद्दीत येते.

२०२३ चा इशारा

लेखनाच्या उपेक्षेची किंमत किती मोठी आहे हे २०२३ च्या आरंभी उघड झाले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षेतील वस्तुनिष्ठ प्रश्नांऐवजी वर्णनात्मक उत्तरांची पद्धत आणण्याचे ठरवले, आणि पुण्यात हजारो उमेदवार रस्त्यावर आले. नवी पद्धत लगेच नको, २०२५ पासून लागू करा, ही त्यांची मागणी होती, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने ती मान्य केली. पर्यायांपुढील गोल काळे करण्याची तयारी करण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांनी अवधी मागितला यात गैर काही नव्हते. परंतु पदवीधरांच्या एका पिढीला लिहावे लागण्याची धास्ती वाटली, ही गोष्ट महाविद्यालयांनी मनाला लावून घ्यायला हवी होती. नव्या योजनेत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. मराठी आणि इंग्रजी या प्रत्येकी ३०० गुणांच्या प्रश्नपत्रिकांत किमान २५ टक्के गुण मिळवल्याखेरीज पुढचे पेपर विचारात घेतले जात नाहीत. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलांसाठी लेखन हा आता भाकरीचा प्रश्न झाला आहे. महाविद्यालयाने ते शिकवले नाही, तर खासगी वर्ग शिकवतील, आणि ज्याच्या गाठीला पैसा आहे त्यालाच शिकवतील.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, ज्या विद्यार्थ्याला इंग्रजीचे एक वाक्य शुद्ध लिहिता येत नाही, त्याच्यापुढे युक्तिवादाच्या गोष्टी करणे व्यर्थ आहे. आधी व्याकरण पक्के व्हावे. हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही. सांगायचे काहीच नसताना व्याकरण कोणाच्याही अंगी मुरत नाही. पाचवीपासून पदवीपर्यंत काळ आणि प्रयोग घोकूनही जे साधले नाही, ते आणखी घोकून साधेल असे मानायला आधार नाही. विद्यार्थ्याने आधी आपले म्हणणे अहिराणीत किंवा मराठीत नीट मांडावे, त्यातील दुवे तपासावे आणि मग तेच इंग्रजीत उतरवावे. दोन भाषांतील हे येणे-जाणे दुबळेपणाचे लक्षण नसून उत्तम व्यायाम आहे.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि आता मोबाइलवर दोन ओळी सांगितल्या की निर्दोष इंग्रजीतले पत्र क्षणात तयार होते. मग मुलांना लिहायला शिकवायचे कशासाठी? परंतु यंत्राने दिलेले पत्र केळीच्या त्या दाव्याला पुरे पडते का, हे ठरवायचे कोणी? गट क्रमांक बरोबर आहे का, ज्या नियमाचा हवाला दिला तो अस्तित्वात आहे का, सूर आर्जवाचा असावा की हक्काचा, हे ज्याला कळत नाही त्याला यंत्राचे गुळगुळीत पत्र अधिकच गोत्यात आणील. कारण खाली सही बापाची असते. पूर्वी परावलंबन अर्ज लिहून देणाऱ्यावर होते. तो निदान समोर बसून चार प्रश्न तरी विचारीत असे.

प्रश्न अखेर तासांचा आहे

एवढे मान्य झाले तरी बदल का होत नाही, याचे उत्तर साध्या गणितात आहे. वर्गात साठ विद्यार्थी धरले आणि प्रत्येकाचे एक पान वाचून त्यावर उपयुक्त शेरा लिहायला दहा मिनिटे लागतात असे मानले, तर एका लेखनाच्या तपासणीला दहा तास लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. वह्या तपासण्याचे दहा तास त्या सोळात धरले जात नाहीत. तासिका तत्त्वावरील अध्यापकाची स्थिती याहून बिकट आहे. त्याला मानधन मिळते ते वर्गात उभे राहिल्याच्या तासाचे. घरी बसून वाचलेल्या साठ पानांचे काहीच नाही. ज्या श्रमाला मोल नाही तो श्रम आटतो, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक नियम आहे. अध्यापकांच्या निष्ठेला आवाहन करून तो बदलणार नाही.

विज्ञान शाखेने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. रसायनशास्त्राचे साठ विद्यार्थी एकाच वेळी प्रयोगशाळेत सोडले जात नाहीत. त्यांच्या तुकड्या पडतात, प्रत्येक तुकडीचे तास कार्यभारात धरले जातात आणि प्रयोगवहीवर गुण असतात. लेखनालाही हाच न्याय लावावा. पंधरा-पंधरा विद्यार्थ्यांच्या चार तुकड्या, दर पंधरवड्याला एक पान लेखन, अध्यापकाने समोर बसून केलेली चर्चा, त्यानंतर पुनर्लेखन आणि या लेखनवहीला वर्षअखेर गुण. यासाठी उपकरणे लागत नाहीत, इमारत लागत नाही. लागतात ते मान्य केलेले तास. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची फेरमांडणी चालू असताना ही मागणी पुढे रेटण्याची संधी आहे.

लिहायचे काय, याची खानदेशात वाण नाही. जळगावच्या बाजार समितीतील एका दिवसाचे वृत्त, मुंबई-आग्रा महामार्गावरील धोकादायक वळणाबद्दल अधिकाऱ्यास पत्र, शिरपूरच्या पाड्यावरील शाळेची हकिगत, गावच्या पाणीपुरवठ्यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद. धुळ्यात तर इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. १९२६ मध्ये धुळ्यातच देह ठेवणाऱ्या या इंग्रजी-शिक्षित विद्वानाने आपले लेखन हेतुतः मराठीत केले आणि अस्सल कागदाखेरीज विधान करायचे नाही असा दंडक घातला. तेथील एखादे जुने पत्र पाहून त्याचा आशय दोन्ही भाषांत लिहिणे, हा पुराव्याने बोलण्याचा केवढा तरी धडा ठरेल.

१९९० पर्यंत या भागातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवल्या, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या महाराष्ट्रापुढे आल्या. टिपून घेणारा घरात नसता तर एवढी वाणी शेतातच विरली असती. आजही खानदेशातील असंख्य घरांत सांगण्यासारखे पुष्कळ आहे. गाऱ्हाणी आहेत, अनुभव आहे, शहाणपण आहे. त्या घरांतून एकेक मुलगा, एकेक मुलगी विद्यापीठात येते ती या घराची लेखणी होण्यासाठी. पदवी घेऊन परतल्यावरही तिला कचेरीसमोरच्या टेबलापाशी रांगेत उभे राहावे लागत असेल, तर विद्यापीठाने आपल्या नावाचा अर्थ पुन्हा एकदा वाचावा.